हळदीच्या दिवशीची ग्रामसभा

माझं माहेर पनवेल-उरण रस्त्याला लागून असलेलं गाव. एके काळी तिथं आमची मिठागरं होती, आता कंटेनरची गोदामं आहेत. मी लग्न होऊन कामोठ्याला आले आणि घरातच शिकवण्या घेऊ लागले. म्हणजे माझी चूल खाजगी शिक्षणावरच पेटते. हे आधीच सांगून टाकते, कारण त्या दिवसांत गावातल्या प्रत्येक शहाण्यानं ते मला ऐकवलं.

गावची जिल्हा परिषदेची शाळा तेव्हा चौथीपर्यंत होती. पाचवीत गेलं की पोरांना रस्ता ओलांडावा लागायचा, आणि तो रस्ता न्हावा शेवा बंदराला जाणाऱ्या ट्रेलरचा. तिथं मोठी माणसंसुद्धा देवाचं नाव घेऊन पाऊल टाकतात. माझी भाची चौथीत होती आणि वहिनीला आतापासूनच झोप लागत नव्हती. गोदामांच्या करातून पंचायतीकडे पैसा जमला होता. शाळेला दोन खोल्या वाढवल्या की सातवीपर्यंतचे वर्ग गावातच भरणार होते. इतकं सरळ काम होतं, म्हणूनच त्यात कोणीतरी आडवं येणार हे मला ठाऊक होतं.

आडवे आले ते गावचेच एक दादा. जमिनीच्या पैशातून ते बिल्डर झाले, गोदामवाले झाले आणि मग संस्थाचालक. रस्त्यापलीकडे त्यांची इंग्रजी शाळा. त्यांचं म्हणणं, पंचायतीनं तो पैसा त्यांच्या शाळेच्या नव्या इमारतीला द्यावा, बदल्यात गावातल्या पोरांना फीमध्ये सवलत मिळेल. "शिकनार तर गावाचीच पोरं ना? मंग पैसा गावालाच मिलाला!" ऐकायला गोड होतं. सवलत किती आणि किती वर्षं, असं विचारलं की दादा चहा मागवायचे.

माझा सख्खा भाऊ त्यांच्याच बाजूला. त्याचे ट्रेलर दादांच्या गोदामात कामाला लागलेले. त्या आठवड्यात मी माहेरीच राहायला होते, जेवताना आमची रोज जुंपायची.

"ताई, तुज्या शिकवनीला येतात ती पोरं कुठल्या शालेतली?"

"इंग्रजी शाळेतली."

"मंग?"

"मग काय? तिथं फी भरूनही कळलं नाही म्हणूनच संध्याकाळी माझ्याकडे येतात!"

तो हसला, पण मागे हटला नाही. "आपल्या शालेत शिकून तू काय कलेक्टर झालीस?"

"नाही झाले. पण तुझ्या गाड्यांच्या विम्याचे कागद अजून मीच वाचून देते."

भावाला मी दोष देत नाही. बंदराच्या ऑफिसात इंग्रजी येत नाही म्हणून त्याला कितीदा तरी ताटकळत ठेवलं होतं, आणि तो अपमान त्याच्या मनातून गेला नव्हता. मुलीनं टाय लावून शाळेत जावं असं त्याला वाटलं तर त्यात चूक काय? लाव ना टाय, पण स्वतःच्या खिशातून. गावाच्या पैशातून दादांची इमारत कशाला? वहिनी वाढत होती. नवऱ्यासमोर चारचौघांत ती कधीच बोलत नसे.

मग दादांनी खास ग्रामसभा लावून घेतली, आणि ती नेमकी स्वतःच्याच पुतण्याच्या हळदीच्या दिवशी, दुपारी चार वाजता. ही युक्ती मला लगेच कळली. माणसं पुरेशी जमली नाहीत की सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला मग माणसांची अटच उरत नाही. चार डोकी बसून ठराव करून मोकळी. आणि आमच्याकडे हळद म्हणजे सगळं गाव मांडवात, ग्रामसभेला फिरकतंय कोण!

मांडव नेहमीप्रमाणे शाळेच्या पटांगणात. गावातल्या सगळ्यांच्या हळदी तिथंच लागतात. पटांगणाला लागूनच पंचायतीचं ऑफिस. बायका एकीकडे हळद कुटत होत्या, एकीकडे तांदळाच्या भाकऱ्या थापत होत्या. मी मध्ये उभी राहिले आणि सरळ सांगितलं, "त्या भिंतीपलीकडे आत्ता आपल्या शाळेचा पैसा चाललाय. उठा."

"हलद सोडून कशा उठनार गं?" एकजण कळवळून म्हणाली. तिचं खरंच होतं. नवरा मुलगा पाटावर येऊन बसला होता.

पण दादा एक गोष्ट विसरले होते. आमच्यात धवलारीण धवले, म्हणजे लग्नाची गाणी, म्हणायला लागल्याशिवाय नवऱ्याला हळद लागत नाही. भटजी उशिरा आला तर चालतो, तिच्यावाचून मात्र सगळंच अडतं. आमची धवलारीण काकी पाटाशेजारी पान चघळत ऐकत होती. तिची नात त्याच शाळेत दुसरीत.

"सभा किती येल चालंल?" तिनं मला विचारलं.

"अर्धा तास."

काकी गुडघ्यावर हात टेकून उठली. "मंग तवर मी गात नाय. बसूदे नवऱ्याला."

मग उघड्या अंगानं बसलेला नवराच खो खो हसायला लागला. "जावा, जावा! मी कुठं पलून चाललोय?"

भरल्या हातांनी बायका उठल्या, बायकांमागून पुरुष. ग्रामसेवक सभा तहकूब झाल्याचं लिहायला पेन उघडत होता, तो आम्हांला बघून थांबला. दादांचा चेहरा बघून मला फार आनंद झाला. झाला तर झाला, खोटं कशाला सांगू?

"बायांनो, हलद खोलंबली ना," दादा म्हणाले.

"तुमच्याच सभेनं खोळंबली, दादा," मी म्हटलं. "तुमच्या शाळेशी आमचं भांडण नाही. ती तुमची, तुम्ही तुमच्या पैशानं चालवा. एवढंच सांगा, आज या पटांगणात मांडव घातलात, तर कोणी भाडं मागितलं? कोणाची परवानगी काढावी लागली? नाही, कारण हे सगळ्यांचं आहे. उद्या आमच्या पोरीची हळद तुमच्या शाळेच्या मैदानात लावू द्याल?"

त्या शाळेचा वॉचमन पालकांनासुद्धा फाटकाबाहेर उभं करतो, हे गावाला माहीत होतं.

ग्रामसेवकानं खोल्या बांधायच्या बाजूनं हात वर करायला सांगितलं. पहिला हात वर गेला तो माझ्या वहिनीचा, मनगटापर्यंत पिवळा. भाऊ दारात उभा होता. तिनं त्याच्याकडे पाहिलं आणि हात तसाच ठेवला. मग हातच हात वर झाले.

त्यानंतर काकी गायली, नवऱ्याला हळद लागली. दादा पंक्तीत फिरून स्वतः मटण वाढत होते. तो मनाचा मोठेपणा होता की येत्या निवडणुकीची काळजी, देव जाणे. मी दोनदा वाढून घेतलं.

घरी आल्यावर भावानं वहिनीला गाठलं. "अख्ख्या गावासमोर माज्या इरोधात हात वर केलास?"

"तुमच्या इरोधात नाय," ती शांतपणे म्हणाली. "त्या रस्त्याच्या इरोधात. तुमी गाडी घेऊन घरी येता तवर माजा जीव थाऱ्यावर नसतो. तुमी तर मोठं मानूस हाव. ती एवढीशी हाय."

इतक्या वर्षांत तिला इतकं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. माझे डोळे भरून आले. भाऊ कॉटवर बसून राहिला. तो रस्ता त्याच्याइतका घरात कोणालाच माहीत नव्हता. पुढे खोल्यांचा पाया खणला, तेव्हा भरावाची पहिली गाडी त्यानंच आणून ओतली, कोणी सांगितलं नसताना.

भाची आता सहावीत आहे. मधल्या सुट्टीत धावत घरी येते, जेवते आणि परत पळते. घाईत कधी कधी चपला घालायलाही विसरते.