बाईंनी खेळायला सांगितलं आणि मी सोलापूर गाठलं

"रोज अर्धा तास खेळा," समुपदेशक बाई म्हणाल्या. मी वय वर्षं सेहेचाळीस, पुण्यात विमा कंपनीत नोकरी, चार महिने धड झोप नाही, छातीत धडधड. ईसीजी नॉर्मल. म्हटलं गोळी देतील, ध्यान सांगतील. तर हे!

"काय खेळू?"

"लहानपणी काय खेळायचात?"

या एवढ्याशा प्रश्नावर माझं डोकं असं फिरलं की मी त्यांच्या केबिनमध्ये चक्क ओरडलो. मी काही खेळायचो नाही, मॅडम. पाचवीत असताना माझी बॅट आमच्या आप्पांनी पाणी तापवायच्या बंबात घातली होती. बाईंनी शांतपणे विचारलं, वडील आहेत का? म्हटलं आहेत, सोलापुरात. "मग एकदा जाऊन त्यांनाच विचारा की. का घातली ते."

तर ही अशी सहल. सिद्धेश्वराचा तलाव, भुईकोट किल्ला वगैरे माहितीसाठी आला असाल तर माफ करा, दोन्ही मी गाडीतूनच पाहिले.

शनिवारी संध्याकाळी सहाला निघालो. रस्ता झकास, अडीचशे किलोमीटर, टोलनाके आहेत, फास्टॅग भरून ठेवा. टेंभुर्णीला जेवायला थांबलो. कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, पिठलं, दही, सगळं मिळून एकशे चाळीस रुपये. बाईंनी दुसरी सवय सांगितली होती, पहिला घास लक्ष देऊन, सावकाश चावायचा. मी डोळे मिटून चावत बसलो. चावतोय, चावतोय. कडक भाकरीवर हा प्रयोग करू नये, दाढा दुखतात. वेटर धावत आला, "सायेब, खडा लागला का?"

सोलापुरात मी स्टेशनजवळ लॉजवर उतरलो. अकराशे रुपये, खोली स्वच्छ, पार्किंग आहे. वडिलांचं घर दहा मिनिटांवर असताना लॉज कशाला, असं मालकानेही विचारलं. आई तीन वर्षांपूर्वी गेली. तेव्हापासून मी त्या घरात एका जेवणापेक्षा जास्त टिकलेलो नाही. आप्पा बोलत नाहीत, मीही बोलत नाही, पंखा फिरत राहतो.

रविवारी सकाळी सातला भवानी पेठेत गेलो तर दाराला कुलूप. शेजारची बाई सडा टाकत होती.

"आप्पा व्हय? बागंत गेल्यात, खेळायला."

"कोण, आमचे आप्पा?"

"रोजच जात्यात की!"

बागेत गेलो. गवतावर पंधराएक म्हातारी माणसं गोल करून बसलेली आणि त्यांच्या पाठीमागून हातात रुमाल घेऊन, पायजमा वर खोचून पळणारा माणूस म्हणजे आमचे आप्पा. रुमालपाणी! बहात्तर वर्षांचा माणूस! तोंडभर हसत होता हो. माझा बाप हसताना कसा दिसतो हे मला माहीत नव्हतं, म्हणून आधी ओळखूच आला नाही. आनंद व्हायला हवा होता ना? मला राग आला. इतका, की झाडामागे उभं राहून बाईंनी शिकवलेले दहा श्वास घ्यायला लागले, आणि सहाव्यालाच मोजदाद चुकली.

"कवा आलास?" आप्पांनी मला बघितलं आणि हसू आवरलं.

"काल. लॉजवर उतरलोय."

"बरं."

शेजारचे मल्लप्पाकाका मात्र गप्प बसणारे नव्हेत. त्यांनीच सांगितलं की आई गेल्यावर आप्पा सहा महिने घराबाहेर पडले नव्हते, जेवतही नव्हते धड, शेवटी काकांनी दंडाला धरून इथे आणून बसवलं. सहा महिने! आणि मी दर रविवारी फोनवर विचारायचो, बरे आहात ना? ते म्हणायचे, व्हय.

दुपारी मल्लप्पाकाकांच्या ओट्यावर चल्लस-आठचा डाव असतो. खडूने आखलेला पट, कवड्या, सोंगट्या म्हणून बांगडीचे तुकडे, चिंचोके, काय मिळेल ते. आप्पा, काका, निवृत्त नर्स सुशीलाबाई आणि एक पाटीलमास्तर. मास्तर लेकीकडे हैदराबादला गेलेले. "बसा की पावणं," काका म्हणाले. बसलो. मला साधं दान मोजता येईना. सुशीलाबाईंनी लेकराला शिकवावं तसं शिकवलं. तासाभराने माझी शेवटची सोंगटी घरात जायला एकच घर उरलं, आणि आप्पांना नेमकं दान पडलं. "मेला!" असं ओरडून त्यांनी माझी सोंगटी उचलून पार सुरुवातीला ठेवली आणि मांडीवर थाप मारली.

आणि मला रडू आलं. चारचौघांत, बांगडीच्या तुकड्यासाठी. सुशीलाबाई चहाच्या निमित्ताने काकांना आत घेऊन गेल्या.

"आप्पा, माझी बॅट का जाळलीत?"

"कुटली बॅट?"

खरंच आठवत नव्हतं त्यांना. पस्तीस वर्षं मी जे उराशी धरून बसलो होतो, ते त्या माणसाच्या गावीही नव्हतं! आता भांडू कोणाशी?

त्यांनी कवड्या गोळा केल्या. मग म्हणाले, "घातली असंल. गिरणीतनं आलो आन् घरात कुणी हसलेलं दिसलं की डोकं फिरायचं माजं."

"का पण?"

"काय म्हाईत रं. लई वंगाळ होतं ते." मग माझ्याकडे न बघताच, "परत मांडू का?"

मांडला. तोही हरलो. रात्री जेवून लॉजवरच गेलो, आणि झोप लागली की नाही म्हणाल तर लागली, पण सोमवारी परतताना भिगवणपर्यंत पुन्हा चिडचिड सुरू.

पुण्यात आल्यावर बाईंनी विचारलं, काय वाटलं? म्हटलं, काही कळत नाही. माफ केलं म्हणावं तर बॅट अजून आठवते, नाही केलं म्हणावं तर मल्लप्पाकाकांचा ओटा डोळ्यांसमोरून हलत नाही. मुलीला रुमालपाणी खेळू या म्हटलं, तर तिने आधी माझं कपाळ चाचपलं. खेळल्याने मन सुधारतं का, मला विचारू नका. माझं तर पुरतं ढवळून निघालंय.

गुरुवारी दुपारी ऑफिसात आप्पांचा फोन आला. आमच्याकडे ते स्वतःहून फोन करतात तो कुणी गेलं तरच. मी घाबरून उभाच राहिलो.

"आप्पा, काय झालं?"

"काय न्हाय. तिघंच हाय आमी. येक गडी कमी पडतोय."

"अहो, मी पुण्यात आहे."

"ठावं हाय की," आप्पा म्हणाले. मागे कुणीतरी हसत होतं. "आपलं सांगितलं."