जमादार जेवायला आले

दादा गेल्याचा निरोप जऊळक्याला माझ्या शाळेत आला, तेव्हा मी तिसरीच्या मुलींकडून पाढे म्हणवून घेत होते. निरोप आणणारा शेजारी दारातच घुटमळला आणि मला कळायचं ते कळलं. मिळेल त्या मोटारीनं शेलूबाजार गाठलं. पोटभर जेवून तो आडवा झाला तो उठलाच नाही, असं वहिनी म्हणाली. जेवण चुकवून कुठं जाणं दादाच्या स्वभावातच नव्हतं… रडता रडता मला हसू आलं. त्याला ते आवडलं असतं.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, पोलिसात जमादार. माझे यजमान गेल्यावर त्यानं मला शेलूबाजारला आणलं, तिथल्या शाळेत चिकटवलं, म्हणून जऊळक्याला बदली होईपर्यंतची सगळी वर्षं मी त्याला जवळून पाहिलं. गावाबाहेर एक वस्ती होती. इंग्रजांच्या कायद्यानं जन्मानंच गुन्हेगार ठरवलेली माणसं तिथं राहायची आणि रोज ठाण्यात हजेरी द्यायची. तो कायदा उठला, हजेरी बंद झाली, पण लोकांच्या मनातली उठली नाही. कुणाची कोंबडी हरवली तरी बोट वस्तीकडेच. दादाचं म्हणणं असं, की ठाण्याची पायरी पोर एकदा चढलं की त्याची भीती मोडते आणि भीतीबरोबर लाजही जाते; मग त्याला चोर व्हायला कुणी शिकवावं लागत नाही. तेव्हा जे काही करायचं ते पायरीच्या आधी.

सुदाम नावाचा दहा वर्षांचा पोरगा. बाजाराच्या दिवशी एका शेटजींच्या गाडीवरून गुळाची भेली घेऊन पळताना सापडला. शेटजी त्याला बखोटीला धरून थेट ठाण्याकडे निघाले. आज गूळ नेला, उद्या दुकान फोडेल, याला अकोल्याच्या रिमांड होममध्ये पाठवा, असा त्यांचा हट्ट. शाळा सुटून मी त्याच वाटेनं येत होते. दादा आडवा आला, म्हणाला, "शेटजी, तक्रार लिवतो ना. पण पयले याच्या घरी जाऊ, दोन घास खाऊ."

"काहून?"

"पोराचं घर पाह्यल्याबिगर मले कलम सुचत नाही."

मलाही त्यानं सोबत घेतलं. वाटेत घरी थांबून अंगावरचा डगला उतरवला आणि साध्या सदऱ्यावर निघाला. आम्हाला येताना पाहून सुदामचा बाप जागच्या जागी उभा राहिला, हात जोडून, मान खाली घालून. वर्षानुवर्षं हजेरीला उभं राहायची सवय ती. आईनंच विचारलं, "साहेब, हजेरी तं बंद झाली ना? मंग कायले आले?"

"जेवाले आलो, बाई," दादा म्हणाला आणि मांडी घालून बसला.

त्या घरात त्या दिवशी भाकर होती आणि मिरचीचा ठेचा होता, बाकी काही नव्हतं. दादानं भाकर मोडली आणि चवीनं खाल्ली. शेटजींची फार पंचाईत झाली. बाटेल म्हणून बसवेना, जमादार बसलेत म्हणून उठवेना. शेवटी त्यांनी पाणी मागितलं. ते प्याले, त्यांनी चुलीकडे पाहिलं, आणि तक्रारीचा विषय पुन्हा काढला नाही. जाताना इतकंच म्हणाले, की सोडून द्या, लहान आहे. दादा म्हणाला, सोडायचं नाही, धरूनच ठेवायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं सुदामला हाताला धरून माझ्या शाळेत आणलं. पोरगा पळाला. दादा पुन्हा वस्तीत गेला, पुन्हा जेवला, पुन्हा घेऊन आला. हे बरेच दिवस चाललं, आणि सुदामच्या मागून वस्तीतली आणखी पोरं येऊ लागली.

गावाला हे कसं पचावं? जमादार वस्तीत कोंबड्या झोडतो, पोरांवर पांघरूण घालतो, खाल्ल्या मिठाला जागतो, असली बोलणी वरपर्यंत गेली. चौकशीला साहेब आले. नोकरीवर गदा येणार म्हणून वहिनीनं देव पाण्यात ठेवले. चौकशी आमच्या ओसरीवरच झाली, आणि दारामागून आम्ही दोघींनी दादाचं उत्तर ऐकलं : "साहेब, ज्याच्या घरी मी जेवलो, त्याच्या पोराले धराले माहा हात उठत नाही, हे खरं हाय. पण ज्याच्या घरी जमादार जेवला, त्याच्या पोराचाबी चोरीले हात उठत नाही. तुमी वस्तीत जाऊन पाहा." साहेब वस्तीत गेले. तिथल्या बाईनं त्यांनाही जेवायला बसवलं… चौकशी तिथंच मिटली.

तेरवीला वस्ती लोटली होती. सुदाम आता मोटारीवर क्लीनर आहे; तो पंगतीत वाढत होता आणि कुणी तोंड फिरवलं नाही. दादा निवृत्त झाल्यावर त्याच्या जागी आलेला तरुण जमादार माझ्या शेजारी उभा होता, जरा संकोचलेला. मला म्हणाला, "बाई, वर्ष होत आलं मले इथं. पण या वस्तीतल्या एकाबी पोराचं नाव मले माहीत नाही. कामच नाही पडलं."

दादाला सगळ्यांची नावं पाठ होती.