कंट्रोल आणि झेड

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आष्ट्यातल्या माझ्या व्हिडिओ स्टुडिओत कॉम्प्युटर आला आणि मी माउस सोडून नुसत्या बटणांवर लग्नं कापायला शिकलो. एक बटण दाबलं की चित्र थांबायचं, दुसरं दाबलं की नको तो तुकडा गायब. दिवसाचं काम जेवणाआधी उरकेल, असा माझा होरा होता. पण आमच्याकडं लग्नाची कॅसेट घरच्यांना शेजारी बसवूनच तयार व्हायची, हे मी त्यात धरलंच नव्हतं.

एका नवरदेवाचे चुलते, फौजेतून निवृत्त झालेले, काकूंना घेऊन आले. पडद्यावर टॉवेल-टोपीचा मानपान संपता संपेना, म्हणून मी भराभर कापत सुटलो.

"त्यो वाळव्याचा पाव्हणा कुठं गेला रं? कॅसेट बघून रुसंल की," चुलते म्हणाले.

मी कंट्रोल आणि झेड दाबून पाव्हणा परत आणला. फौजी माणूस, एकदा बघितलं की पाठ. त्यानंतर मी कापायचो आणि ते शेजारून हात घालून तीच दोन बटणं दाबायचे. सगळे पाव्हणे टोप्यांसकट परतले.

मग वरात आली. बँडसमोर दातात रुमाल धरून नागीण झालेले चुलते दिसले.

"येवडं काप," ते खाली बघत म्हणाले. मी आनंदानं कापलं.

मागच्या खुर्चीवरच्या काकू उठल्या. पदर सावरून त्यांनी मागून दोन बोटं पुढं केली, आणि चुलते पुन्हा नाचायला लागले.