नव्याण्णव कोण सांभाळणार

लिओना ब्राटवोल्ड माझी शेजारीण. आमच्या दोघांच्या रानांमध्ये एकच काटेरी तार. मोंटानातल्या आमच्या चर्चमध्ये एकतीस वर्षं ती रविवारच्या शाळेत मुलांना येशूचे दाखले, म्हणजे बोधकथा, शिकवत आली. सगळे दाखले जीव ओतून सांगायची, पण शंभरातल्या एका हरवलेल्या मेंढराला शोधायला निघालेल्या मेंढपाळाचा आला की तिचं डोकं फिरायचं.

"नव्याण्णव उघड्यावर टाकून एकाच्या मागे?" ती भर चर्चमध्ये पाळकांना, आमच्या धर्मगुरूंना, विचारायची. "तुम्ही कधी मेंढ्या राखल्यात? कोल्हे काय उपास करतात?"

पाळक बिचारे हसून वेळ मारून न्यायचे. मुलांना ती स्वतःची दुरुस्त केलेली गोष्ट सांगायची: मेंढपाळाने आधी नव्याण्णव कोंडली, दाराला कडी घातली आणि मगच निघाला. आम्हा मेंढीवाल्यांना तीच पटायची.

यंदा मार्चमध्ये मात्र तिचा पाय एका जागी ठरेना. मेंढ्या व्यायचे दिवस. तिची मुलगी सोल्वेग दारूपायी घर सोडून दोन वर्षांपूर्वी बिलिंग्जला गेलेली. तीन आठवड्यांपूर्वी तिचा बसस्टँडवरून फोन आला, "आई, मला घेऊन जा." लिओना म्हणाली, "मेंढ्यांचं आटोपलं की येते गं." त्यानंतर फोन नाही. हे तिने मला तारेपाशी सांगितलं, तेही दुसरीकडे बघत. गोठ्यात जायची, काम अर्धवट टाकून फोनपाशी यायची, पुन्हा गोठ्यात. कॉफी ओतायची नि तशीच विसरायची. तिला बघून मलाही बसवेना, आणि त्याचा मला रागच यायचा.

त्या रविवारी नेमका तोच दाखला. मी वर्गाबाहेर खुर्च्या लावत होतो. ती गोष्टीत कडीपर्यंत आली, तशी सात वर्षांची इंग्रिड म्हणाली, "पण बाई, हरवलेल्या मेंढीला कसं कळणार, आपण थांबायचंय म्हणून?"

लिओनाने गोष्ट तिथेच थांबवली आणि मुलांना लवकर सोडलं.

दुपारी मी जेवायला बसतोय तोच लिओना दारात. कोटाची बटणं वरखाली. हातमोजे टेबलावर टाकत म्हणाली, "आर्विड, अजून चाळीस व्यायच्यात. कोकराचं डोकं मागे वळलेलं असेल तर ओढू नकोस, आधी आत ढकल."

"अगं, माझी पाठ! आणि तो धंदा सोडून मला नऊ वर्षं झाली!"

"शिव्या द्यायच्यात ना? मेंढ्यांना दे."

गेली, थेट बिलिंग्जला. एकतीस वर्षं ही बाई विचारत होती, नव्याण्णव कोण सांभाळणार. त्याचं उत्तर मीच निघालो.

चौथ्या दिवशी तिचा फोन आला.

"सापडली?"

"नाही. पण फोटो बघून एकीने ओळखलं. मेंढ्या?"

खोटं बोलावंसं फार वाटलं. "तीन कोकरं गेली, लिओना. कडी घालायला विसरलो मी. कोल्हा शिरला."

पूर्वीची लिओना असती तर तिने फोनमधून माझा गळा धरला असता.

"बरं," ती म्हणाली. "मी अजून शोधतेय. गोठ्याला कडी घाल. माझ्या घराला मात्र घालू नकोस. ती तिकडे आलीच तर..."