करडईच्या तेलातलं डांबर

बिराप्पावर माझा राग होता. तो रास्तच होता असं मला अजूनही वाटतं, पण आता सांगून काय उपयोग?

मी तेव्हा रस्त्यावरचा मिस्त्री होतो. येडशीपासून पुढचा सहा मैल रस्ता माझ्याकडे आणि त्यातले दोन मैल बिराप्पाकडे. तो मैलकुली. म्हणजे खड्डे बुजवायचे, कडेची झुडपं तोडायची, मैलाच्या दगडांना चुना लावायचा आणि रस्त्याकडेच्या दगडी चौकीत राहायचं. तो मूळचा कर्नाटकाच्या सीमेवरचा. बायको मल्लम्मा इथं आल्यावर दुसऱ्याच वर्षी वारली. मूलबाळ नव्हतं. हाकेच्या अंतरावर सात घरांची वस्ती होती, पण वस्तीचं चौकीशी काही काम पडत नसे. त्यामुळे मी सायकलवर दिसलो की हा बाबा फावडं टाकून रस्त्यात उभा, आणि मग अर्धा तास माझी सुटका नाही. काल साप कुठून कुठं गेला, इथून सुरुवात व्हायची. माझा राग होता तो याचा. मला कामं होती. त्यालाही होती, पण त्याला माणूस हवा होता. चौकीच्या पायरीवर कुणीतरी येऊन टेकावं, एवढीच त्याची आस, आणि ती त्यानं कधी तोंडानं बोलून दाखवली नाही.

त्र्याहत्तरचा उन्हाळा होता, लागोपाठचं दुष्काळी साल. पाण्याचे टँकर आणि धान्याचे ट्रक येऊन-जाऊन रस्त्याची पार चाळण झाली होती. डांबराची पिंपं मागितली तर वरून उत्तर आलं, शिल्लक नाहीत. मी बिराप्पाला म्हणालो, मुरूम टाका आणि गप्प बसा. टाकलेला मुरूम दुसऱ्या दिवशी धूळ होऊन उडून जायचा.

रस्त्याच्या उखडलेल्या डांबराची ढेकळं तो पाटीनं गोळा करून चौकीमागं ढीग घालायचा. "हा कचरा कशाला सांभाळताय?" मी एकदा खेकसलो.

"असू द्या की मिस्त्री," तो म्हणाला. "खायला थोडंच मागतंय?"

त्यानं ती ढेकळं तापवूनही बघितली होती. पण वर्षानुवर्षं ऊन खाल्लेलं डांबर वितळत नाही. नुसता धूर सोडतं आणि भुगा होतं.

डांबराचं काम करणाऱ्याच्या हाताला डांबर बसतं. आम्ही ते रॉकेलनं काढायचो. त्या वर्षी रॉकेल चुलीलाच पुरेना. तिकडं येडशीची सहकारी तेलघाणी करडईअभावी बंद पडली होती, पण टाक्यांच्या तळाशी जुन्या तेलाची गाद साचलेली होती. कडू, काळपट, माणसानं तोंडात घालू नये अशी. तिथला रखवालदार उत्तरेश्वर, त्यानं हात धुवायला म्हणून बिराप्पाला डबाभर गाद दिली. बिराप्पानं ती हाताला चोळली, आणि नखाच्या कडेला महिनोन्महिने वाळून बसलेलं डांबर मऊ पडून सुटून आलं. तो बराच वेळ आपल्या हाताकडं बघत बसला म्हणे. हाताचं सुटतंय, तर ढिगाऱ्यातलं का सुटू नये?

अर्धं कापलेलं पिंप त्यानं तीन दगडांवर चढवलं. ढेकळं हातोडीनं फोडून आत टाकली, खाली मंद जाळ केला आणि वरून गाद ओतली. दिवस मावळतीला होता. दुष्काळी कामावरची माणसं त्याच रस्त्यानं वस्तीकडं परतत होती. करडईचं तेल तापल्याचा वास साऱ्या माळावर पसरला. ज्यांनी चार महिन्यांत तेलाचा थेंब बघितला नव्हता, त्यांच्या नाकात तळणीचा वास! द्वारकाबाई नावाची एक फटकळ म्हातारी पुढं आणि तिच्यामागं सगळी वस्ती, थेट चौकीच्या दारात.

बिराप्पानं माणसं बघितली आणि त्याचं भानच सुटलं. गोणपाट झटकून अंथरलं, पायरी पुसली, घागर पुढं केली. द्वारकाबाई मात्र सरळ मागं पिंपाकडं गेली.

"अगं बया! ह्यो तर डांबर तळतुया!"

सगळे पोट धरून हसले. उपाशी माणसांना हसायला काहीतरी लागतंच. माणसं हसून थकली तशी पायरीवर, गोणपाटावर टेकली, पाणी प्याली, काम कुठवर आलं ते बोलली आणि घरी गेली. पंधरा-वीस मिनिटांची गोष्ट. बिराप्पानं ती पुढं वर्षभरात मला किती वेळा सांगितली, गणती नाही. कोण कुठं बसलं होतं तेसुद्धा सांगायचा.

त्या दिवशीचा माल फसला. गाद जास्त झाली होती, खड्डा मऊच राहिला आणि टँकरच्या चाकानं सगळं उचलून नेलं. पण तो हटला नाही. दहा-बारा वेळा बिघडवून त्यानं प्रमाण बसवलं, एका घमेल्याला एक पळी. चिमटीत धरून ताणलं की तार यायला हवी, हाताला तेल लागता कामा नये. पुढं पाऊस झाला आणि त्याचे खड्डे तसेच टिकले. साहेबांनी विचारलं, डांबर कुठून आणलं? मी म्हणालो, शिल्लक होतं. बिराप्पाचं नाव मी घेतलं नाही. हेही सांगून टाकतो.

पिंप आठवड्यातून दोनदा चढायचं. वास माळावर जायचा. वस्ती आता नाक दाबून दारं लावून घेऊ लागली. पोरं ओरडायची, "बिराप्पाचं डांबर शिजलं!" पायरीवर पुन्हा कुणी आलं नाही.

पुढच्या शिमग्याच्या सुमाराला नवी करडई निघाली आणि घाणी सुरू झाली. एका रविवारी दुपारी चारच्या सुमाराला मी सायकलवर येडशीकडं निघालो होतो. लांबूनच करडईचा वास आला. मनात म्हटलं, आज पिंप चढलंय, म्हणजे हा आता तार ताणून दाखवणार आणि द्वारकाबाई कुठं बसली होती ते पुन्हा सांगणार. मी सायकल रस्त्यावरून खाली उतरवली आणि माळावरून जाणाऱ्या रेल्वेच्या रुळाकडेच्या पायवाटेनं निघून गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौकीवर गेलो. तो पायरीवर बसला होता. मला बघून उठून रस्त्यात आला नाही, याचंच मला आधी नवल वाटलं. शेजारी फडक्यानं झाकलेली मोठी पाटी होती.

"काल भजी केली हुती, मिस्त्री," तो म्हणाला.

मी फडकं उचललं. पाटी काठोकाठ भरलेली होती. कांद्याची भजी, गार पडून लिबलिबीत झालेली.

"अहो, मग सांगायचं नाही का कुणाला?" मी उलटा त्याच्यावरच डाफरलो. "आवतण द्यायचं की घरोघर!"

"घरात बाई न्हाय. माझ्या आवतणाला कोण येणार?" तो खाली बघत म्हणाला. "तवा वासावर आले हुते की समदे. म्या म्हनलं, आता तर खरंच तळतुया. येतील."

"मला वाटलं, डांबर शिजतंय," मी म्हणालो.

"व्हय. समद्यास्नी तसंच वाटलं असंल."

त्या वासात डांबर नव्हतंच. चांगलं ताजं तेल होतं, बेसन होतं, कांदा होता. वर्षापूर्वी आम्हाला ते मैलभरावरून कळलं असतं. मला लाज वाटली. आजही वाटते.

"किती जणांसाठी केली होती?"

"वस्तीत अठ्ठावीस माणसं हायती," तो म्हणाला. "तुमास्नी धरून एकोणतीस."

मी पायरीवर बसलो. त्याच्याकडं यायला लागून मला सहा वर्षं झाली होती आणि त्या पायरीवर मी पहिल्यांदा बसत होतो. एक भजं घेतलं, मग दुसरं. गार भजी टाळ्याला चिकटत होती, तरी खात राहिलो. तो समोर उभा राहून बघत होता.

"गरम असतानी लई चांगली लागत हुती," तो म्हणाला.

मग आत जाऊन त्यानं कढई आणली. तळणीचं तेल तळाशी उरलं होतं. ते त्यानं पळीनं मोजून पिंपात ओतलं आणि खाली जाळ केला.