उस्ता नसरुल्लांचा अंगठा

यझ्द शहरातल्या आमच्या गल्लीत जुनी मोटारसायकल विकायची असली, की घेणारा आणि देणारा दोघंही आधी माझ्या बाबांकडे यायचे. बाबा प्लग काढायचे, त्या भोकावर उजवा अंगठा दाबून धरायचे आणि म्हणायचे, "मार किक." आतली दाबलेली हवा अंगठ्याला ढकलायची. किती जोरात ढकलते, कशी निसटते, त्यावरून निकाल. "पिस्टनच्या रिंगा गेल्या." नाहीतर "व्हॉल्व्ह नीट मिटत नाही." नाहीतर "घे डोळे मिटून." बाबांनी, म्हणजे सगळ्यांच्या उस्ता नसरुल्लांनी, सांगितलं की वाद संपला. माझा भाऊ कावे याने हाच दाब, कॉम्प्रेशन, मोजायचं मीटर आणलं, तेव्हा गिऱ्हाइकंच हसली. "कावेजान, दवाखाना काढतोस की काय?"

एका सकाळी फरामर्ज आगा गाडी ढकलत आले. विणकरांकडचे कापडाचे गठ्ठे बाजारात पोचवायचे, याच सव्वाशे सीसीच्या गाडीवर. जन्म गेला त्यात.

"उस्ता, म्हातारीला दम उरला नाही. पुलाच्या चढावर गठ्ठे उतरवून ढकलावी लागते. किक मारून मारून पाय सुजतो."

"तूही म्हातारा झालास. दोघांतलं कोणाला तपासू?"

"मला बायको तपासते रोज. तुम्ही हिचं बघा."

बाबांनी अंगठा लावला. आगांनी किक मारली. बाबांनी डोळे मिटले. "परत." परत मारली. "अजून एकदा." एवढा वेळ त्यांना कधी लागायचा नाही.

"रिंगा संपल्या. सिलिंडरही खाल्लाय. हिच्यावर खर्च करू नकोस."

कावे हळूच म्हणाला, "बाबा, रिंगा गेल्या की निळा धूर येतो, हिला तो नाहीये. मीटर लावून बघू का?"

"तुझं मीटर तुझ्या गिऱ्हाइकाला लाव."

फरामर्ज आगांनी टाकीवरून हात फिरवला. "तुम्ही म्हणताय म्हणजे झालंच." सुट्या भागांसाठी म्हणून कावेने गाडी भंगाराच्या भावात ठेवून घेतली, आणि आगा मागची झोळी खांद्यावर टाकून चालत गेले.

दुपारी गल्ली झोपली, तेव्हा कावेने मीटर काढलंच. ॲक्सिलरेटर पूर्ण पिळून मी धरला, त्याने किका मारल्या. काटा खालीच. मग प्लगच्या भोकातून त्याने चमचाभर तेल ओतलं आणि पुन्हा किक मारली.

"रिंगा गेल्या असत्या तर तेलाने फट बुजून काटा चढला असता," तो म्हणाला. काटा हलला नाही. त्याने सायलेन्सरच्या तोंडाशी कान नेला. "ऐक. फुस्स. व्हॉल्व्ह उघडा राहतोय."

वरचं झाकण काढलं. व्हॉल्व्हला दाबून उघडणारा टॅपेट इतका घट्ट बसला होता की पातळ पत्रासुद्धा शिरेना. नट सैल करून त्याने फट ठेवली. किक. काटा टुणकन वर! प्लग बसवल्यावर म्हातारी पहिल्या किकला गरजली. कावे नाचायचाच बाकी होता.

त्या आवाजाने बाबा उठून बाहेर आले.

"बाबा, नुसता टॅपेट होता!"

बाबा जवळ आले, आणि गाडीला थोपटावं तसा सायलेन्सरच्या नळीवर हात ठेवला. "आवाज छान आहे," म्हणाले. हात तिथेच. मग वास आला.

"बाबा, हात!" मी किंचाळले.

त्यांनी हात उचलून पाहिला, दुसऱ्या कोणाचा असावा तसा. साखरेच्या आजाराने त्यांचे पाय बधिर झालेत हे आम्हाला माहीत होतं. बोटांबद्दल ते बोलले नव्हते.

"कधीपासून?" कावेने विचारलं.

"काटा बघितलास ना? मग झालं तर."

ऊन कलल्यावर फरामर्ज आगा हजर. दुपारीच गल्लीच्या तोंडाशी त्यांनी आपल्या गाडीचा आवाज ओळखला होता. हातात मिठाईचा डबा.

"मुबारक असो, कावेजान! म्हातारी तुमच्या घरी आली आणि नवरी झाली. उस्तांच्या हाताला यश आहे हो."

"आगा, घेऊन जा. तुमचीच आहे."

"छे छे. तुम्हालाच लखलाभ."

"मनापासून सांगतोय."

"तुमचं मन मोठंच आहे."

आमच्याकडे अंगावरचा कोटसुद्धा 'घ्या ना, तुमचाच आहे' म्हणून पुढे करतात आणि समोरचा नको म्हणतो. कावेचं खरं बोलणंही त्याच चालीवर गेलं. त्याने किल्ली आगांच्या मुठीत कोंबली. आगांनी ती मिठाईच्या डब्यावर ठेवली आणि डबा आमच्या ओट्यावर.

कावेचा धीर सुटला. "आगा, बाबांना कळलंच नव्हतं हो, त्यांच्या अंगठ्याला..."

"गप बस!" बाबा दारातून ओरडले. भाजलेला हात खिशात. "मला पहिल्याच किकला कळलं होतं, टॅपेट घट्ट आहे म्हणून. पोराला गाडी हवी होती. मुद्दाम रिंगा सांगितल्या."

आगांचा चेहरा पांढरा पडला. गोड बोलणं सगळं गळून पडलं. "तोंड वर करून सांगतोस? माझ्या पोरीच्या लग्नात तुला बापाच्या जागी बसवला रे मी." ते ओट्यावर थुंकले नाहीत एवढंच. "ठेव गाडी. तुझ्या हातची वस्तू माझ्या दारात नको."

बाबांच्या हाताला मी मलम लावत होते तेव्हा विचारलं, "का असं केलंत?"

"लबाडी केली म्हटलं तर एकच गाडी. अंगठा बधिर आहे म्हटलं, तर लोक मागचे सगळे निकाल उकरतील. आणि गेल्या वर्षभरात मी..." ते थांबले. "हळू बांध."

त्यानंतर निकालासाठी कोणी आलं नाही. फरामर्ज आगा गठ्ठे हातगाडीवर नेतात. ती गाडी मागच्या अंगणात ताडपत्रीखाली उभी आहे; गल्लीत कोणी घेईना आणि कावेला ती चालववेना.

परवा रोटीच्या रांगेत गल्लीतले दोघं बोलत होते. मी मागे आहे हे त्यांना कळलं नाही. "महालबाड म्हातारा. पण अंगठा बघ कसा! पहिल्याच किकला टॅपेट ओळखला."

घरी येऊन मी रागाने ते सांगितलं. वाटलं, बाबांना लागेल. ते रोटी मोडता मोडता थांबले.

"कोण म्हणालं?" त्यांनी विचारलं. "पहिल्याच किकला, असंच म्हणाले ना?"