हथखोजची बारी

माझ्या धाकट्या बहिणीवर मी जळतो. हे लपवण्यात आता अर्थ नाही, घरात सगळ्यांना ठाऊक आहे. आम्ही दोघंही वकील. मी दुर्गच्या कोर्टात भाडेकरू आणि चेक बाउन्सच्या केसेस लढतो. ती दिल्लीत बड्या कंपन्यांच्या मक्तेदारीचे खटले चालवते. ती भिलाईला येणार म्हटलं की बाबा सकाळीच दाढी करून बसतात. माझ्यासाठी कधी केली नाही.

भिलाईच्या स्टील प्लांटमधून रिटायर झाल्यावर बाबांनी जवळच्या हथखोज औद्योगिक वसाहतीत फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप टाकलं. तिथल्या वर्कशॉपवाल्यांची एक रीत आहे, बारी. टेंडर निघालं की चहाच्या टपरीवर ठरतं, यंदा काम कोणाचं. बाकीचे मुद्दाम चढा भाव भरतात. ही बारी बाबांनीच बसवली. कोणाचंच शटर पडत नाही, याचा त्यांना कोण अभिमान!

बहीण आली होती, त्या रविवारी जेवताना ती सांगत होती. अमेरिकेतलं वरचं कोर्ट म्हणे बहुतेक करार तोलून बघतं, बाजाराचं भलं किती आणि नुकसान किती. युरोपातलं कोर्ट बलाढ्य कंपनीला सांगतं, तू मोठी, तर जपून वागायची जबाबदारीही तुझी जास्त. आपल्याकडे स्पर्धा आयोगानं चौकशी लावली रे लावली की कंपन्या हायकोर्टात धावतात. बाबांचा घास हातातच राहिला होता. मी जिंकलेली केस सांगायला लागलो की हेच बाबा टीव्हीचा आवाज वाढवतात. माझा नुसता जळफळाट होत होता.

मग बाबांनी मोठ्या कौतुकानं बारी सांगितली. "आता सांग बाई, आमची बारी कोणतं कोर्ट तोलंन?"

तिचा चेहरा उतरला. "बाबा, हे कोणीच तोलत नाही. टेंडरमध्ये आपसात ठरवणं अमेरिकेत सरळ गुन्हा आहे. युरोपात नुकसान झालं का, तेही बघत नाहीत. आपल्याकडे नुकसान झालंच असं धरून चालतात. नाही झालं, हे तुमाले दाखवा लागते."

मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. हेच मी मागे एकदा असंच जेवताना बोललो होतो, तेव्हा "तू आपले चेक पाह्य" म्हणून बाबांनी मला उडवून लावलं होतं. आता तिलाही बाबांची बोलणी खावी लागणार होती. मी चवीनं वाट पाहत राहिलो.

बाबा भडकले नाहीत. त्यांनी हात धुतला, गॅलरीत जाऊन एकेका वर्कशॉपवाल्याला फोन लावला. "बारी बंद. पोरगी सांगून राहिली, कोणत्याच देशात चालत नाही."

आत येऊन ते माझ्यासमोर बसले. आवाज दुखावलेला होता.

"ती दिल्लीहून येऊन सांगून राहिली. तू तं इथंच राहतं, वकील हायेस. तुनं मले कावून नाही सांगितलं?"